मस्टँग, कॅमेरो की चॅलेंजर? जुन्या रूपातल्या नव्या मसल कारबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटपासून अर्ध्या तासावर राहते. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथल्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. 1995 पासून ती चालू आहे. तिथले फोटो टाकले की पुण्या-मुंबईहून, न्यू जर्सीहून, बे एरियातून तेच ते प्रश्न येतात. निम्मे लोक गाडी घ्यायच्या विचारात असतात, निम्म्यांना नुसतं प्रेम असतं. दोघांसाठी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मुख्य भर 2005 ते 2014 या काळातल्या मस्टँग (फोर्ड), कॅमेरो (जनरल मोटर्सची शेव्रोले) आणि चॅलेंजर (क्रायस्लरची डॉज) या तीन गाड्यांवर आहे, कारण खरी तुलना तिथेच रंगते. नंतरच्या गाड्यांसाठी प्रश्न 12 आणि 13 पाहा.

1. रेट्रो मसल कार म्हणजे नेमकं काय? जुनीच गाडी नव्याने रंगवलेली असते का?

नाही. गाडी आतून-बाहेरून नवी असते. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, सांगाडा सगळं आजचं. फक्त रूप 1960-70 च्या गाडीची आठवण करून देणारं. जुनी गाडी दुरुस्त करून उभी करणं याला रिस्टोरेशन म्हणतात आणि ती वेगळीच विद्या आहे.

काटेकोर बोलायचं तर या तिघी ‘पोनी कार’. मस्टँग 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात आली आणि लांब बॉनेट, आखूड शेपूट, परवडणारी किंमत असा वर्गच तिच्यामुळे जन्मला. मसल कार हा शब्द मुळात मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन बसवलेल्या पाँटिअॅक जीटीओसारख्या गाड्यांचा. आता रस्त्यावर कोणी हा भेद पाळत नाही, मीही इथे पाळलेला नाही.

2. या गाड्या मुळात बंद का पडल्या आणि परत का आल्या?

1970 नंतर तीन घाव एकापाठोपाठ बसले. तरुणांसाठी विम्याचे हप्ते भरमसाठ वाढले, धुराचे कायदे कडक झाले आणि 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. चॅलेंजर 1974 मध्ये संपली. कॅमेरो रूप बदलत 2002 पर्यंत टिकली. मस्टँग मात्र एकदाही थांबली नाही.

पुनरागमनाला पाया घातला होता 1998 च्या फोक्सवॅगन न्यू बीटलने आणि 2002 च्या फोर्ड थंडरबर्डने, दोन्ही जुन्या रूपातल्या नव्या गाड्या. थंडरबर्ड दिसायला गोड होती, पण महाग, दोनच माणसांची, आणि 2005 मध्ये बंद झाली. त्याच वर्षीची मस्टँग मात्र हातोहात खपली, कारण ती चार सीटची होती आणि सामान्य पगारात बसत होती. ते पाहून 2006 च्या डेट्रॉइट शोमध्ये कॅमेरो आणि चॅलेंजर दोघींची नमुना रूपं उभी राहिली. चॅलेंजर 2008 मध्ये विक्रीला आली, कॅमेरो 2009 च्या वसंतात, 2010 चं मॉडेल म्हणून. ती शोरूममध्ये पोहोचते न पोहोचते तोच जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. क्रायस्लरने त्याआधी महिनाभर केला होता. अशा दिवसांत या गाड्या टिकल्या याचं मला आजही अप्रूप वाटतं.

3. तिघींपैकी दिसायला सगळ्यात चांगली कोणती?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. माझं उत्तर: चॅलेंजर. पण त्याआधी हे समजून घ्या की तिघींनी ‘आठवण’ या शब्दाचा वेगवेगळा अर्थ लावला, आणि प्रत्येकीने त्या रूपाची किंमत गाडीत दुसरीकडे कुठेतरी चुकती केली.

मस्टँगने एका वर्षाची नक्कल केली नाही. पुढे झुकलेलं नाक 1967 च्या आसपासचं, मागच्या बाजूची छोटी त्रिकोणी काच त्याआधीच्या फास्टबॅकची (छत मागे उतरत जाणाऱ्या गाडीची), टेललाइटच्या तीन-तीन उभ्या पट्ट्या पहिल्यापासूनच्या, दारामागची खोबण जुन्या गाडीच्या कुशीतली. आत डॅशबोर्डला दोन भुवया आणि खोल बसलेले मोठे काटे. कोणी जुनी मस्टँग कधी पाहिली नसेल त्यालाही ही मस्टँगच वाटते. 2010 मध्ये टेललाइटच्या पट्ट्या वळताना एकापाठोपाठ पेटू लागल्या. रात्री पुढच्या गाडीचं ते वळणं बघत राहावंसं वाटतं.

कॅमेरोने 1969 ची गाडी घेतली आणि ती फुगवली. मागच्या चाकांवरचे रुंद खांदे, खोल बसलेले दिवे, मागच्या चाकाआधीचे माशाच्या कल्ल्यांसारखे काप. गिअरच्या पुढे खाली चार छोटे मीटर, तेही जुन्या गाडीतूनच उचललेले. तिघींमध्ये सर्वांत आक्रमक आणि सर्वांत कमी जुनी ही दिसते. लहान मुलांना हीच आवडते. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या रोबोटांच्या चित्रपटात पिवळी कॅमेरो 2007 मध्ये झळकली, म्हणजे गाडी विकत मिळायच्या दोन वर्षं आधीच पोरं तिच्या प्रेमात पडली होती.

चॅलेंजरने 1970 ची गाडी जवळपास तशीच पुन्हा काढली. रुंद काळी ग्रिल, तिच्यात चार गोल दिवे, कडेने धावणारी एकच रेघ, मागे या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल टेललाइट. रंगही जुन्या नावांनी परत आले, जांभळा ‘प्लम क्रेझी’ त्यातला. तिच्यात काहीही ओढूनताणून ‘आधुनिक’ केलेलं नाही, म्हणून ती पंधरा वर्षांत शिळी झाली नाही. एक गोष्ट मला खटकते: नमुना गाडीत दार आणि मागच्या काचेमध्ये खांब नव्हता, काचा खाली केल्या की सगळी बाजू मोकळी. विक्रीच्या गाडीत खांब आला. कॅमेरोच्या बाबतीतही तेच झालं.

4. कॅमेरोमधून बाहेरचं दिसत नाही म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि घेण्याआधी याची खात्री स्वतः करून घ्या. रुंद खांदे आणि चपटं छत हवं म्हणून काचा अरुंद केल्या. दाराची कड खांद्यापर्यंत येते, मागची काच फटीसारखी. किराणा दुकानाच्या पार्किंगमधून पहिल्यांदा मागे घेताना मी तीनदा थांबले होते. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर शोरूममध्ये बसून बॉनेटचं टोक दिसतं का ते बघा. मागचा कॅमेरा असलेली गाडी मिळाली तर तीच घ्या. चॅलेंजरचा मागचा खांबही जाड आहे, पण पुढचं बरं दिसतं. मस्टँग या बाबतीत सर्वांत सोपी.

5. पळण्यात कोण पुढे?

व्ही8, म्हणजे आठ सिलिंडरच्या गाड्यांचे आकडे आधी बघू. जीटी, एसएस, आर/टी, एसआरटी8 ही त्या-त्या गाडीच्या ताकदवान आवृत्त्यांची नावं. 2005 ची मस्टँग जीटी: 4.6 लिटर, 300 हॉर्सपॉवर. 2008 ची चॅलेंजर एसआरटी8: 6.1 लिटर, 425. 2010 ची कॅमेरो एसएस: 6.2 लिटर, मॅन्युअल गिअरला 426 आणि ऑटोमॅटिकला 400. चॅलेंजर आर/टी 5.7 लिटरमध्ये 370 च्या पुढेमागे.

कागदावर मस्टँग मेलीच. पण आता वजन बघा. मस्टँग जीटी साधारण 1,600 किलोंच्या घरात, कॅमेरो एसएस 1,750 च्या, चॅलेंजर एसआरटी8 सुमारे 1,880. चॅलेंजर ही मोठ्या चार दारी सेदानच्या सांगाड्यावर बांधलेली, त्यामुळे पाच मीटर लांब. पाव मैलाच्या शर्यतीत कॅमेरो एसएस 13 सेकंदांच्या आसपास, एसआरटी8 त्याच्या किंचित मागे. 2011 मध्ये मस्टँगला 5 लिटरचं ‘कोयोटी’ इंजिन मिळालं, 412 हॉर्सपॉवरचं, आणि ती कमी ताकदीत कॅमेरोच्या बरोबरीला आली. हलकेपणाचा हा फायदा. त्याच वर्षी एसआरटी8 ला 6.4 लिटर आणि 470 हॉर्सपॉवर मिळाले.

वळणांवर मात्र कॅमेरो. तिचा सांगाडा ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्या होल्डन कंपनीच्या अभियंत्यांनी विकसित केला होता आणि मागचं प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होतं. 2012 च्या 580 हॉर्सपॉवरच्या झेडएल1 आवृत्तीने जर्मनीतल्या न्युर्बर्गरिंग ट्रॅकच्या 20.8 किलोमीटरच्या फेरीला 7 मिनिटं 41.27 सेकंद घेतले. 2014 ची झेड/28 ताकदीने कमी, 505 ची, तरी 7:37.47 मध्ये फिरली. अमेरिकन गाड्यांना फक्त सरळ रस्ता कळतो असं म्हणणाऱ्यांना मी हेच दोन आकडे सांगते.

चॅलेंजरची मजा वेगळ्या जागी आहे. सहाशे मैलांच्या प्रवासात तिच्यासारखी गाडी नाही. शांत, ऐसपैस, आणि पेडल दाबलं की खालून खर्ज उठतो.

6. मस्टँगचा मागचा ॲक्सल एकसंध दांड्याचा होता म्हणे. 2005 मध्ये हे कसं चाललं?

हो, 2014 पर्यंत तो तसाच होता. डाव्या चाकाला खड्डा लागला तर उजव्यालाही कळतो, आणि वळणात खडबडीत रस्ता आला की गाडीची शेपूट जराशी सरकते. पण तो स्वस्त, दणकट आणि थांबलेल्या जागेवरून झेप घ्यायला उत्तम. ड्रॅग रेसवाल्यांना, म्हणजे सरळ पट्ट्यावर शर्यत लावणाऱ्यांना, तोच हवा होता. प्रश्न 8 मधली किंमत शक्य झाली त्यात याचा मोठा वाटा आहे. 2012-13 च्या 444 हॉर्सपॉवरच्या बॉस 302 या मस्टँगमध्ये याच दांड्यावर फोर्डच्या लोकांनी जे साधलं ते पाहून मी त्याला नावं ठेवणं सोडलं.

7. 1970 च्या हेमी (क्रायस्लरचं व्ही8 इंजिन) चॅलेंजरलाही 425 हॉर्सपॉवर आणि 2008 च्या चॅलेंजरलाही 425. मग 38 वर्षांत प्रगती काय झाली?

आकडा एकच, मोजमाप वेगळं. जुन्या काळी इंजिन बाहेर काढून, अल्टरनेटर, एअर फिल्टर, गाडीचा खरा एक्झॉस्ट यांच्याशिवाय टेबलावर मोजत. त्याला ग्रॉस म्हणत. 1971-72 च्या सुमारास अमेरिकन कंपन्या नेट पद्धतीवर आल्या, म्हणजे इंजिन गाडीत जसं बसतं तसं मोजायचं. त्यामुळे जुने आकडे आजच्या आकड्यांशेजारी ठेवूच नयेत. 2008 ची गाडी वजनाने जास्त असूनही रोजच्या वापरात अधिक चपळ आहे, आणि थांबते तर कितीतरी लवकर. जुन्या गाडीचे ब्रेक मी एकदा दाबले आहेत. त्या दिवशी पुढचा सिग्नल लांब होता म्हणून बरं.

8. किमतींत फरक किती होता?

नव्या असतानाच्या अमेरिकेतल्या मूळ किमती, कर आणि वरचे पर्याय सोडून: 2005 ची मस्टँग व्ही6 (सहा सिलिंडरची) सुमारे 19 हजार डॉलर, जीटी 25 हजारांच्या आसपास. कॅमेरो 2010 मध्ये व्ही6 ला 23 हजारांच्या जवळ, एसएस 31 हजारांना. चॅलेंजर 2008 मध्ये फक्त एसआरटी8 म्हणून आली, 38 हजारांच्या जरा आत, आणि तीही फक्त ऑटोमॅटिक. वर्षभराने व्ही6 सुमारे 22 हजारांना आणि आर/टी 30 हजारांना आली, तेव्हा ती खरी सगळ्यांची झाली.

कमी पैशात व्ही8 हवी तर मस्टँगला तोड नव्हती. 2011 मध्येही 412 हॉर्सपॉवरची जीटी 30 हजारांच्या आसपास सुरू व्हायची. वरच्या टोकाला, 2012 ची झेडएल1 55 हजारांच्या घरात आणि झेड/28 तब्बल 75 हजारांना. झेड/28 मध्ये वजन वाचवायला एअर कंडिशनरसुद्धा जादा पैशांचा पर्याय होता.

9. व्ही6 घेतली तर ती मसल कार म्हणायची का?

खुशाल म्हणा. 1964 ची सर्वांत स्वस्त मस्टँगही सहा सिलिंडरची होती, 101 हॉर्सपॉवर आणि 2,368 डॉलरची. लाखो लोकांची मस्टँग ती होती. शिवाय 2011 पासूनची मस्टँग व्ही6 आणि चॅलेंजर व्ही6 दोन्ही 305 हॉर्सपॉवरच्या, म्हणजे 2005 च्या व्ही8 जीटीपेक्षा पाचने जास्त. कॅमेरोची व्ही6 सुरुवातीपासूनच 304 ची. 2005 ते 2010 ची मस्टँग व्ही6 मात्र 210 ची आणि घरघरणारी. ती टाळा. आवाजासाठी गाडी घेत असाल तर व्ही8 शिवाय समाधान होणार नाही, हे आधीच सांगते.

10. मायलेज?

अमेरिकन सरकारी आकडे लिटरमध्ये आणले तर 2011 पासूनची मस्टँग व्ही6 ऑटोमॅटिक लिटरला शहरात 8, हायवेला 13 किलोमीटरच्या आसपास. कॅमेरो एसएस मॅन्युअल 7 आणि 10. चॅलेंजर एसआरटी8 साडेपाच आणि साडेसात.

11. दोन मुलं आहेत. रोजची एकच गाडी म्हणून चालेल का?

चॅलेंजर चालेल. मागे तीन सीटबेल्ट आहेत, मोठी माणसंही तासभर बसतात आणि डिकी सुमारे 460 लिटरची. मस्टँग आणि कॅमेरो चार सीटच्या, मागे शाळकरी मुलं ठीक. कॅमेरोची डिकी 320 लिटर, पण तोंड इतकं लहान की बाबागाडी आडवीतिडवी करून घालावी लागते. चाइल्ड सीट रोज काढ-घाल करायची असेल तर तिघीही पाठ मोडतील. अशा वेळी चार दारांची डॉज चार्जर बघा. सांगाडा आणि इंजिनं चॅलेंजरच्या घराण्यातलीच.

12. 2015 नंतरच्या गाड्या जास्त चांगल्या नाहीत का?

चालवायला, हो. 2015 च्या मस्टँगला स्वतंत्र मागचं सस्पेन्शन मिळालं, ती जगभर विकली गेली, आणि पहिल्यांदा कारखान्यातूनच उजव्या स्टीअरिंगची आली (प्रश्न 15 मध्ये याचं महत्त्व कळेल). तिचं रूप मात्र आठवणींपासून दूर सरकलं. 2016 ची कॅमेरो कॅडिलॅकच्या सांगाड्यावर आली, आधीपेक्षा बरीच हलकी, एसएस 455 हॉर्सपॉवरची. माझ्या मते तिघींत चालवायला ती सर्वोत्तम. पण काचा तेवढ्याच अरुंद राहिल्या आणि ग्राहक पांगले. चॅलेंजरने 2015 मध्ये 1971 च्या गाडीसारखी दुभंगलेली ग्रिल घेतली, बाकी अंग तेच ठेवलं. आणि 2021 मध्ये अमेरिकेत मस्टँगपेक्षा जास्त चॅलेंजर विकल्या गेल्या. तेरा वर्षं जुन्या अंगाच्या गाडीने हे केलं! लोकांना काय हवं होतं ते यात दिसतं.

डिसेंबर 2023 मध्ये चॅलेंजर आणि कॅमेरो दोन्हींचं उत्पादन थांबलं. व्ही8 सह उरली ती मस्टँग.

13. हेलकॅट आणि डीमन या काय भानगडी आहेत?

चॅलेंजरचे सुपरचार्जरवाले (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र असलेले) अवतार. 2015 ची हेलकॅट 707 हॉर्सपॉवर, किंमत 60 हजार डॉलरच्या आसपास. 2018 ची डीमन साध्या पेट्रोलवर 808, रेसिंग पेट्रोलवर 840. पाव मैल 9.65 सेकंदांत. ड्रॅग रेसची संघटना एनएचआरए इतक्या वेगाला गाडीत लोखंडी पिंजरा मागते आणि डीमन कारखान्यातून त्याशिवाय यायची, म्हणून आहे तशी तिला तिथे मनाई. तिच्यात ड्रायव्हरशेजारची आणि मागची सीट काढून टाकलेली असे, हवी तर एकेक डॉलरला परत मिळे. शेवटची डीमन 170, 2023 ची, इथेनॉलच्या मिश्रणावर 1,025 हॉर्सपॉवर. अभियांत्रिकी म्हणून थक्क करणाऱ्या गाड्या आहेत. पहिली मसल कार म्हणून कुणीही घेऊ नये.

14. सेकंड हँड घेताना काय तपासू?

पहिली गोष्ट, गाडीचा व्हीआयएन (ओळख) नंबर सरकारी रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) संकेतस्थळावर टाका. या काळातल्या मस्टँग आणि चॅलेंजरवर टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचे रिकॉल आहेत आणि ते जिवाशी संबंधित आहेत. बदललेली नसेल तर डीलर फुकट बदलून देतो. 2010 ते 2014 च्या कॅमेरोवर चावीचा रिकॉल होता: उंच ड्रायव्हरचा गुडघा चावीला लागून इंजिन बंद पडू शकायचं.

मग गाडीनिहाय. मस्टँगच्या 4.6 लिटर व्ही8 मध्ये सुरुवातीच्या वर्षांचे स्पार्क प्लग काढताना तुटून आत अडकतात, म्हणून ते आधी बदललेत का विचारा. बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, पुढच्या कडेला रंगाखाली फोड आलेत का हात फिरवून बघा. 2011 च्या मॅन्युअल गाडीत थंड इंजिनावर दुसरा गिअर टाकून पाहा. कॅमेरो व्ही6 च्या सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग चेन ताणली जाते, ऑइल वेळेवर बदलल्याच्या पावत्या मागा. चॅलेंजरचं हेमी इंजिन सुरू करून पाच मिनिटं ऐका. गरम झाल्यावरही टकटक थांबत नसेल तर सोडून द्या.

आणि मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्कची गाडी असेल तर खाली वाकून बघाच. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडी पोखरतं. मी स्वतः पहिली मस्टँग खाली न वाकता घेतली होती. दोन हिवाळ्यांत ब्रेकच्या नळ्या बदलाव्या लागल्या.

15. भारतात परतताना गाडी नेता येईल का?

2005 ते 2014 ची, नाही. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टीअरिंग उजवीकडे हवं अशी अट आहे. त्या काळात तिघींपैकी एकही कारखान्यातून उजव्या स्टीअरिंगची निघत नव्हती.

मस्टँग मात्र फोर्डने 2016 मध्ये अधिकृतपणे भारतात आणली, 5 लिटर व्ही8, ऑटोमॅटिक, दिल्ली एक्स-शोरूम 65 लाखांना. तिकडच्या आणि इकडच्या किमतीतली तफावत मुख्यतः आयात करामुळे, इतक्या मोठ्या पेट्रोल इंजिनाच्या गाडीवर तो 100 टक्के होता. या गाड्या आज पुण्या-मुंबईत सेकंड हँड बाजारात अधूनमधून दिसतात. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा सुटे भाग कुठून येणार हे व्यवहाराआधी ठरवा. कॅमेरो आणि चॅलेंजर भारतात कंपनीने कधीच विकल्या नाहीत. दिसलीच तर तिची कागदपत्रं आरटीओतून तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

16. या गाड्या खरंच अमेरिकन आहेत का? कॅनडात बनायच्या असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. चॅलेंजर ओंटॅरिओतल्या ब्रॅम्प्टनला बनली, 2010 ते 2015 ची कॅमेरो त्याच प्रांतातल्या ओशावाला. 2016 पासून कॅमेरो मिशिगनच्या लॅन्सिंगला आली. मस्टँग तेवढी 2005 पासून फ्लॅट रॉक, मिशिगनची. टोरोंटोच्या आसपासच्या मराठी मंडळींनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी.

17. मुलगा सोळा वर्षांचा झाला. त्याला चालवायला देऊ का?

विम्याचा हप्ता आधी विचारा. व्ही8 आणि सोळा वर्षं हे दोन शब्द एका अर्जात आले की तो गाडीच्या मासिक हप्त्याला गाठतो. द्यायचीच असेल तर व्ही6 मस्टँग द्या. 2011 पासूनच्या मस्टँगमध्ये मायकी आहे, एका चावीला ताशी 80 मैलांची मर्यादा घालता येते, पट्टा लावल्याशिवाय रेडिओ वाजत नाही. हेलकॅटला दोन चाव्या असतात: लाल चावीने सगळी ताकद, काळ्या चावीने 500 हॉर्सपॉवर. काळी चावीही सोळा वर्षांच्या हातात देऊ नका. आणि पहिला पाऊस पडेल त्या दिवशी स्वतः शेजारी बसा, रिकाम्या पार्किंगमध्ये मागची चाकं कशी निसटतात ते त्याला हळू वेगात अनुभवू द्या. माझ्या मुलीला मी तसंच शिकवलं.